गाळ्यातले पाणिनी

माणिकपूरच्या आमच्या गाळ्यात मराठी व्याकरणातून प्रोग्रॅमिंग शिकवत, हे अंबाडी रोडपासून बाभोळ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. फंक्शन म्हणजे क्रियापद, व्हेरिएबल म्हणजे नाम, ठिपका म्हणजे षष्ठीचा प्रत्यय. कौतुक झाले, सत्कार झाले, श्रीफळे मिळाली. त्यावर मी बोलणार नाही. मी त्या वर्गात ‘सहायक’ होतो, म्हणजे प्रोजेक्टरची वायर हातात धरून उभा असे, कारण ती सोडली की पडदा निळा पडे. पडद्याच्या इतक्या जवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला पडद्यामागचे जरा जास्तच दिसते.

पात्रे दोनच. एक सर. आठवडाभर अंधेरीला नोकरी, शनिवार-रविवार आमचा वर्ग. दुसऱ्या बाई, निवृत्त मराठी शिक्षिका, गाळ्याच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या. बाई वर्गात कशा आल्या याची अधिकृत कथा ‘सरांनी त्यांना मार्गदर्शनासाठी विनंती केली’ अशी आहे. प्रत्यक्षात त्या ‘आवाज कमी करा’ हे सांगायला खाली उतरल्या, फळ्यावर ‘क्रियापद’ हा शब्द दिसला म्हणून थबकल्या, आणि पुढची सात वर्षे आमचाच आवाज कमी करत राहिल्या.

सरांचा लाडका तक्ता होता चार अर्थांचा: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. (स्वार्थ हा शब्द शिव्या न खाता वापरता येतो अशी ही एकमेव जागा.) सर म्हणत, “जगभर ज्याला इम्परेटिव्ह प्रोग्रॅमिंग म्हणतात, ते नाव व्याकरणातल्या आज्ञार्थावरूनच उचललंय. आपण उपमा देत नाही, उसनी गेलेली वस्तू परत आणतोय.” छाप, वाच, थांब हा आज्ञार्थ. ‘हे नंतर नीट करावे’ अशी प्रोग्रॅमर स्वतःसाठी सोडतो ती टीप म्हणजे विध्यर्थ, आणि तो सहसा विध्यर्थच राहतो. ‘इफ’ म्हणजे अर्थातच संकेतार्थ. पुस्तकातले उदाहरण सरांनी फळ्यावर लिहिले: पाऊस पडला असता तर पीक चांगले आले असते. मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. “सर, म्हणजे पाऊस पडलाच नाही ना? मग इफच्या आतली ओळ कधीच चालणार नाही.”

सर गप्प. बाई पहिल्या बाकावरून म्हणाल्या, “बरोबर बोलतोय तो. संकेतार्थ म्हणजे जे घडलं नाही त्याची हळहळ. तुमचा इफ ‘पाऊस पडला तर छत्री घे’ यातला. तिथं क्रियापद दिसतं भूतकाळाचं, बोलतं पुढचं, आणि रूप म्हणाल तर सरळ स्वार्थाचं.” सरांचा तक्ता त्या क्षणी चारावरून तीनावर आला. तरी सरांनी हार मानली नाही. “प्रात्यक्षिकच बघा,” म्हणत त्यांनी यंत्रावर अट टाइप केली: गुण शंभरपेक्षा जास्त असतील तर ‘शाबास’ छाप. ऐंशी लिहायचे ते घाईत शंभर झाले. पुढची दहा मिनिटे ‘शाबास’ काही छापून आले नाही. जगातला पहिला खराखुरा संकेतार्थी इफ आमच्या माणिकपुरात लिहिला गेला, आणि मागच्या बाकावरचा मुलगा वर्षभर त्या पुण्याईवर जगला.

आज्ञार्थाचेही सुख फार टिकले नाही. डेटाबेसचा धडा आला तेव्हा सरांनी सांगितले की एसक्यूएल ही आज्ञार्थी भाषा नव्हे. तिला फक्त काय हवे ते सांगायचे, कसे आणायचे ते तिचे ती पाहते. बाईंनी पडद्यावरची वाक्ये वाचली. सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट. “निवड, घाल, बदल, पूस,” त्यांनी मोठ्याने भाषांतर केले. “यात आज्ञा नाही असं तुम्ही म्हणता?” मग रूपावरून अर्थ ठरवायचा की अर्थावरून रूप, असा वाद जुंपला. १९११ साली मोरो केशव दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा जाडजूड ग्रंथ काढला तेव्हापासून मराठी शिक्षकांना असे वाद वर्ज्य नाहीत. शेवटी बाईंनीच तोडगा काढला: हे रूप आज्ञार्थाचे आणि भाव हॉटेलात ‘दोन चहा आण’ म्हणतो त्याचा, दूध किती उकळायचे ते गिऱ्हाईक सांगत नाही. सर खूश झाले आणि खुशीत एक माहिती जास्तीची देऊन बसले. आयबीएममध्ये १९७४ साली चेंबरलिन आणि बॉइस यांनी ही भाषा मांडली तेव्हा तिचे नाव ‘सीक्वेल’ होते, आणि त्यातला एक शब्द चक्क ‘इंग्लिश’ होता. दुसऱ्या एका कंपनीने ते नाव आधीच नोंदवलेले निघाले म्हणून ते कापावे लागले. “म्हणजे इंग्रजी गळलं आणि आज्ञा राहिली,” बाई म्हणाल्या. “हे आपल्याकडे १९४७ सालीही झालं होतं.”

षष्ठीचा किस्सा सरांना आजही आवडत नाही, म्हणून तो सांगतोच. वस्तूच्या आतली वस्तू काढायला प्रोग्रॅममध्ये मधे ठिपका देतात. सर म्हणत, हा ठिपका म्हणजे चा-ची-चे. ठाण्याच्या वसईच्या माणिकपूरचा पिनकोड, लिहायचा ‘ठाणे.वसई.माणिकपूर.पिनकोड’. उदाहरण चपखल होते, कारण मराठीही मोठ्याकडून लहानाकडे येते. वहीत छापून घेतले, फ्लेक्सवर छापले, मुलांनी पाठ केले. १ ऑगस्ट २०१४ रोजी सरकारने पालघर जिल्हा वेगळा केला. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने शांतपणे विचारले, “सर, आता ठाण्यात वसई सापडत नाही, मग एरर येणार ना?” कोडमध्ये पत्ता कोरून ठेवू नये, हा धडा पुस्तकात सहाव्या प्रकरणात होता. फ्लेक्सवर मात्र तो आजही कोरलेलाच आहे. त्यावर ‘पालघर’ची कागदी पट्टी चिकटवली आहे, आणि पावसाळ्यात ती सुटली की माणिकपूर दोन दिवस पुन्हा ठाण्यात जाते.

बाई खऱ्या रंगात आल्या त्या विभक्तीच्या रविवारी. सरांनी पैसे पाठवायचे एक फंक्शन लिहिले होते: आधी देणारा, मग घेणारा, मग रक्कम. एका पोराने क्रम उलटा दिला आणि फळ्यावरच्या काल्पनिक बँकेत गरीब गणूच्या खात्यातून पाचशे रुपये श्रीमंत शेठजीकडे गेले. (“वास्तववादी उदाहरण,” असे कोणीतरी पुटपुटले. तो मीच.) बाई उठल्या. “‘रामाने रावणाला मारले’ म्हणा की ‘रावणाला रामाने मारले’ म्हणा, मरतो रावणच. प्रत्यय शब्दाला चिकटलेला असतो, जागेला नाही. तुमच्या भाषेला विभक्ती नाही, म्हणून तिला रांगेत उभं राहावं लागतं.”

गंमत म्हणजे बाईंनी जे चिडून सांगितले ते एका माणसाने थट्टेत करून दाखवले होते. ऑस्ट्रेलियातल्या डेमियन कॉनवे यांनी २००० साली पर्ल भाषेला लॅटिनचा अंगरखा चढवला आणि त्याला ‘पर्लिगाटा’ म्हटले. तिथे शब्दाची जागा कुठेही असो, त्याचे काम त्याच्या विभक्तीवरून ठरते. एखाद्या चलाला किंमत द्यायची तर तो चल चतुर्थीत ठेवायचा, कारण द्यायचे ते चतुर्थीलाच. ज्या पर्लवर हा प्रयोग झाला तिचा कर्ता लॅरी वॉलही भाषाशास्त्राचा विद्यार्थी; त्याने एकवचनी चलाआधी एक चिन्ह लावले, अनेकवचनी चलाआधी दुसरे, आणि ‘ते’ या सर्वनामासाठी एक तिसरेच. आमच्या मुलांनी हे ऐकले आणि ताबडतोब मराठी विभक्ती बसवायला घेतली. पायथनमध्ये देवनागरी नावे चालतात. त्यांनी फंक्शनच्या कंसातल्या दोन जागांना नावे दिली: कर्मासाठी ‘ला’, कारण द्वितीया; आणि घेणाऱ्यासाठी ‘ला’, कारण चतुर्थी. पायथनने तक्रार केली की एकच नाव दोनदा आले आहे. स-ला-ते हे दोन्ही विभक्त्यांना सारखेच, हे बाई चाळीस वर्षे मुलांकडून घोकून घेत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी त्यांना ‘हे चालणार नाही’ असे सांगितले, आणि त्यांनी ते मुकाट्याने मान्य केले. यंत्राला उलट उत्तर देता येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद.

आयव्हर्सनची गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे, कारण तिच्यात चोरी आहे. केनेथ आयव्हर्सन हे कॅनडाचे गणिती. १९६२ साली त्यांनी ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ नावाचे पुस्तक लिहिले, त्याच्या आद्याक्षरांवरून एपीएल आली. १९७९ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुढे रॉजर हुई यांच्यासह १९९० साली त्यांनी ‘जे’ ही भाषा काढली, आणि तिच्यात व्याकरण उपमेपुरते ठेवलेच नाही. संख्या म्हणजे नाम, बेरीज म्हणजे क्रियापद, क्रियापदाला वळण लावणारे ते क्रियाविशेषण, दोघांना जोडणारे ते अव्यय. अधिकृत शब्दकोशात याच नावांनी. हिच्या जन्माची कथाही पडद्यामागचीच आहे. १९८९च्या उन्हाळ्यात आर्थर व्हिटनी आयव्हर्सन यांच्या घरी आले आणि एका दुपारात, एका पानात मावेल एवढा इंटरप्रिटर लिहून गेले. हुई यांनी ते पान पुढे अभ्यासून अभ्यासून त्याची भाषा उभी केली. आमच्याकडे पाहुणा आला तर दुपारी झोपतो.

तर सरांनी जेमधली सरासरी फळ्यावर लिहिली: +/ % #. बेरीज, भागाकार, मोजणी. संपले. बाईंनी चष्मा पुसला. “नाम कुठाय? कर्ता कुठाय? कशाची बेरीज?”

“काहीच नाही, बाई. तीन क्रियापदं शेजारी शेजारी ठेवली की आपोआप सरासरी होते.”

सगळ्या वर्गाला वाटले, आता सर गेले. बाई मात्र हसल्या. “‘उजाडलं.’ कोण उजाडलं? कोणीच नाही. ‘सांजावलं.’ ‘मळमळतं.’ क्रियेच्या पोटातच कर्ता. भावकर्तरी प्रयोग म्हणतात याला. तुमच्या कॅनडाच्या साहेबाला मराठी येत होतं का?” सरांनी काहीच उत्तर दिले नाही, फक्त वहीत काहीतरी टिपले. पुढच्या रविवारी नव्या तुकडीसमोर ते म्हणाले, “माझ्या असं लक्षात आलंय की उजाडणं आणि सांजावणं...” बाई पहिल्या बाकावर होत्या. त्या मान डोलावून म्हणाल्या, “अगदी बरोबर, सर. कुठं वाचलंत?”

पालकांचे प्रश्न वेगळे असत. एक गृहस्थ मुलाला वर्गातून काढायला आले. “इथं मराठी शिकवतात म्हणे. कॉम्प्युटरला मराठी येतं का?” त्यांना ग्रेस हॉपर यांची गोष्ट सांगितली. १९५०च्या दशकात त्यांनी इंग्रजी शब्दांनी चालणारी आज्ञावली बनवली, आणि वरिष्ठांना पटावे म्हणून तीच फ्रेंच व जर्मन शब्दांनीही चालवून दाखवली. वरिष्ठ हादरले. पेनसिल्व्हेनियात बनलेल्या अमेरिकन यंत्राला फ्रेंच-जर्मन कसे कळेल? यंत्राला इंग्रजीही कळत नाही, ते फक्त खुणा जुळवते, हे पटवण्यात हॉपरबाईंचे कित्येक महिने गेले. गृहस्थांनी गोष्ट लक्षपूर्वक ऐकली, मान हलवली आणि म्हणाले, “मग फ्रेंचच शिकवा ना, परदेशात उपयोगी पडेल.”

हॉपरबाईंच्याच वारशातली कोबोल ही सरांची पहिली रोजीरोटी. १९५९ साली जुळलेल्या या भाषेत आज्ञेला क्रियापदच म्हणतात. आज्ञांचे वाक्य होते, वाक्यांचा परिच्छेद होतो, आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम. १९९९ साली वायटूकेच्या धांदलीत सर एका कार्यालयात रात्रपाळीला होते. एक पूर्णविराम चुकून एक ओळ आधी पडला, ‘इफ’ तिथेच संपला, आणि पुढच्या सगळ्या आज्ञा अट न पाहता बिनधास्त चालल्या. तो ठिपका शोधता शोधता सरांची शेवटची विरार लोकल चुकली आणि पहाटेपर्यंत त्यांना अंधेरीच्या फलाटावर बसावे लागले. बाईंना ही कथा सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “विरामचिन्हं मराठीत मेजर कँडीनं आणली. जुन्या मोडी पत्रांत अर्धविराम शोधून सापडायचा नाही. आपलं काही अडलं नव्हतं.” मी हळूच ‘ध’चा ‘मा’ची आठवण करून दिली. आख्यायिकेतला तो हुकूम ‘धरावे’ असा विध्यर्थी होता आणि १७७३ साली त्याचे ‘मारावे’ व्हायला एक अक्षर पुरले. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि वायर नीट धरायला सांगितले.

आता पाणिनी. बक्षीस समारंभाला बोलावलेल्या पाहुण्यांनी भाषणात सांगितले की संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे नासाने सिद्ध केले आहे. टाळ्या. बाईंनी दुसऱ्या दिवशी सरांना तो लेख आणायला लावला. रिक ब्रिग्ज यांचा, १९८५ सालचा, ‘एआय मॅगझिन’मधला. ब्रिग्ज नासाच्या एम्स केंद्रातले, एवढे खरे. लेखात मात्र संस्कृतात प्रोग्रॅम लिहा असे कुठेच नव्हते. वाक्यातला अर्थ उलगडून मांडायची जुन्या शास्त्रकारांची रीत आणि संगणकातली ज्ञान मांडायची रीत यांत साम्य आहे, एवढेच होते. खरा मान भलत्याच ठिकाणी पडून होता. प्रोग्रॅमिंग भाषांचे व्याकरण मांडण्याची जी पद्धत आहे, ती जॉन बॅकस यांची. तिला ‘बॅकस नॉर्मल फॉर्म’ म्हणत. १९६४ साली डोनाल्ड क्नुथ यांनी एका नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले की ‘नॉर्मल’ऐवजी पीटर नाऊर यांचे नाव घाला, आद्याक्षरे तीच राहतील. तीन वर्षांनी इंगरमन यांनी त्याच नियतकालिकाला पत्र पाठवले की अशी पद्धत पाणिनीने कितीतरी आधी वापरली होती, तेव्हा ‘पाणिनी-बॅकस फॉर्म’ म्हणा. सूचना रास्त होती. पण तिने आद्याक्षर बदलले असते. क्नुथ जिंकले.

यावर आमच्या मुलांनी ठरवले की आपला पाणिनी तरी आपण सोडायचा नाही. मराठी भाषेचे पाणिनी म्हणजे दादोबा पांडुरंग. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’, १८३६. त्यांचे आडनाव तर्खडकर, आणि तर्खड हे आमच्या शेजारचे, वसईचेच गाव. दादोबांचा फोटो लावायचा, रिक्षाने तर्खडला जायचे, घर शोधायचे, असा बेत झाला. बाईंनी तो अर्ध्यातच थांबवला. दादोबा १८१४ साली जन्मले ते मुंबईत. तर्खड त्यांच्या वाट्याला आले ते आडनावापुरते. “म्हणजे नुसता पॉइंटर,” मागच्या बाकावरचा तो मुलगा म्हणाला, “पत्ता आहे, तिथं वस्तू नाही.” तरीही फोटो लागला, हार पडला. समारंभ संपल्यावर एका आजोबांनी फोटोला नमस्कार केला आणि गहिवरून सांगितले की यांच्याच भाषांतर पाठमालेवर मी इंग्रजी शिकलो. ती पाठमाला दुसऱ्या तर्खडकरांची. बाई त्यांना सांगायला निघाल्या होत्या. सरांनी त्यांना हाताने अडवले. सात वर्षांत बाईंनी सरांचे ऐकल्याची नोंद माझ्याकडे ही एकच आहे.

शेवटची गोष्ट शेवटच्या वर्षातली. मुलांनी शाळेच्या गुणांचा प्रोग्रॅम पूर्ण मराठीत लिहिला. एक अडचण आधीच कळली होती: आकडा बाहेरून मजकूर म्हणून आला तर पायथन देवनागरी ३५ला निमूटपणे पस्तीस मानतो, पण तोच ३५ प्रोग्रॅमच्या ओळीत थेट लिहिला तर चूक म्हणतो. पाहुण्याला चहा, घरच्याला टोमणा. ते सावरले. मग ‘पहिल्या_चाचणीचे_गुण’ चालले आणि ‘दुसऱ्या_चाचणीचे_गुण’ या नावावर गाडी अडली. दोन तास झाले. नाव बरोबर, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. सरांनी अक्षर न् अक्षर तपासले. मुलांनी पहिल्या चाचणीवर समाधान मानावे असाही प्रस्ताव आला. पडद्यावर एकच ओळ येत होती: न दिसणारे, निषिद्ध अक्षर, यू+२००डी.

सरांनी शोधून काढले. ‘दुसऱ्या’मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत सरळ तीन अक्षरे बसतात. दुसरीत र आणि य यांच्यामध्ये एक शून्य रुंदीचा जोडक बसतो, जो कागदावर दिसत नाही आणि पायथनला नावात चालत नाही. ज्याने टाइप केले त्याच्या कळफलकाने तो गुपचूप घातला होता. सर हताश होऊन म्हणाले, “याला आता व्याकरणात काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.”

बाई पडद्याजवळ आल्या. “पुरणपोळी. पुरण भरून केलेली पोळी. मधलं ‘भरून केलेली’ दिसत नाही, पण असतं. मध्यमपदलोपी समास.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई खुशीत मागे वळल्या, त्यांचा पाय माझ्या वायरीत अडकला, आणि पडदा निळा झाला.